पहिल्यांदा घेताना

अगं, व्हायब्रेटरबद्दल एवढं दबकून कशाला विचारतेस? तू सज्ञान आहेस, संसार करतेस. आपल्या शरीराला सुख कशानं मिळतं, हे जाणून घ्यावंसं वाटलं तर त्यात पाप कसलं? परंड्यात राहून हे विचारायचं कुणाला, ही तुझी अडचण मला कळते. मेडिकलवाला सासऱ्यांच्या ओळखीचा, आणि बार्शी गाठावी तर स्टँडवरच चार पाहुणे भेटायचे. म्हणून मला विचारलंस, बरं केलंस.

आधी मनातली कायद्याची धास्ती काढ. कस्टमनं अडवलेल्या बॉडी मसाजरचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. त्याचा लैंगिक सुखासाठी वापर होऊ शकतो, म्हणून ते अश्लील, असं कस्टमचं म्हणणं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही. आणि या विषयावर बोलणं आपल्याकडे आजचं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

आता निवडीचं. मोठं, महागडं, दहा बटणांचं काही बघू नकोस. पहिलं घ्यायचं ते लहान, बोटाएवढं, बाहेरून वापरायचं. बायकांच्या सुखाचं मुख्य ठिकाण म्हणजे शिश्निका, आणि ती बाहेरच्या बाजूला असते. नुसत्या आतल्या स्पर्शानं पुष्कळ जणींना तृप्ती मिळत नाही. तुझ्यात काही कमी आहे, असं मनात आणू नकोस.

वस्तू कशाची आहे, ते नीट वाच. मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा कडक एबीएस प्लॅस्टिक चांगलं, कारण त्यात पाणी मुरत नाही आणि ते स्वच्छ धुता येतं. खोकं उघडल्याबरोबर रबराचा उग्र वास आला, हाताला चिकट लागलं, तर ते अंगाला लावूच नकोस. स्वस्तातल्या मऊ जेलीसारख्या वस्तूंना बारीक छिद्रं असतात, त्यात जंतू बसतात. घरातली वस्तू किंवा भाजी तर मुळीच नको.

तुमच्या खोल्यांना भिंत एकच, तेव्हा आवाज कमी असलेलं बघ. वेग कमी-जास्त करता यावा, चार्जिंगचं असावं, पाण्यानं धुता यावं. मागवताना साधं खोकं येतं का, ते आधी विचारून घे. बहुधा ‘पर्सनल मसाजर’ म्हणूनच ते विकलं जातं. पार्सल सासूबाईंच्या हाती पडू नये असं वाटत असेल, तर माझ्या पत्त्यावर मागव. मी न उघडता तुला देईन.

सोबत पाण्यावर आधारलेलं जेल घे. सिलिकॉनच्या वस्तूला सिलिकॉनचं जेल लावलं की ती खराब होऊ शकते. खोबरेल तेल तर निरोधबरोबर नकोच, त्यानं रबर फाटू शकतं. सुरुवातीला मसाजर हातावर लावून बघ, मग सगळ्यात कमी वेगावर ठेव. वापरण्याआधी आणि नंतर कोमट पाणी, साधा साबण, स्वच्छ पुसायचं आणि कोरडं करून सुती पिशवीत ठेवायचं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, अगदी जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही.

दुखलं, आग झाली, रक्त गेलं तर तिथंच थांब. त्रास राहिला तर बाईडॉक्टरांकडे जा आणि खरं ते सांग. दुखणं सोसायची सवय आपल्याला लहानपणापासून लावतात, ती इथं मोडायची.

नवऱ्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगणार असशील तर निवांत वेळ बघून सांग. ‘तू कमी पडतोस’ असं त्याला वाटू देऊ नकोस. मला काय आवडतं ते आपण दोघं मिळून बघू, असं म्हण. आणि त्याच्या हट्टापायी घेऊ नकोस. तुला हवं असेल तरच घे, नको वाटलं तर नको म्हण. दोन्ही तुझ्याच हातात आहे गं.