सोन्याच्या काठीचे फूल

दसऱ्याला झेंडूचा भाव चढतो. दुसऱ्या दिवशी तोच झेंडू कुणी विचारीत नाही. उरलेला माल बाजारातच टाकून शेतकरी घरी येतो. तोडलेले फूल थांबत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही थांबता येत नाही.

थांबणारे एक फूल आहे. त्याचे नाव गोल्डन रॉड, म्हणजे सोन्याची काठी. लग्नात गुच्छ पाहता ना? गुलाबांच्या मधे पिवळा, पिसासारखा हलका तुरा असतो. तोच हा. हे झाड मूळचे अमेरिकेचे. विजेच्या दिव्याचा तो एडिसन, त्याने म्हातारपणी याच्या पानांतून रबर काढले होते! पण तो धंदा काही जमला नाही.

झाड काटक आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या हलक्या, मध्यम जमिनीत येते. चिबड काळ्या रानात मात्र मुळे कुजतात. शेणखत घालून सरी-वरंबे करा. फुटाफुटावर मुनवे लावा. तीन-साडेतीन महिन्यांत तुरे येतात. कापले की बुडातून पुन्हा फुटते. एकदा लावले की दोन-तीन वर्षे पीक चालते.

आता वाळवणे. खरी मेख इथेच आहे.

"मग काय, मिरच्यांसारखं अंगणात घालायचं?"

नाही हो! उन्हात रंग उडतो. तुऱ्यातली थोडी फुले उमलली आणि बाकी कळ्या आहेत, तेव्हाच कापा. पुरता उमललेला तुरा वाळताना कापसासारखा उडून जातो. दहा-दहा काड्यांची जुडी करा. खालची पाने काढा. जुडीला रबर लावा. काड्या वाळून बारीक होतात आणि सुतळी सैल पडते. जुड्या अंधाऱ्या, वारा खेळत्या खोलीत उलट्या टांगा. दोन-तीन आठवड्यांनी काडी वाकवून पाहा. कट्‌दिशी मोडली तर वाळली. पावसाळ्यात बुरशी येते. म्हणून दिवाळीनंतरचे तुरे वाळवायला ठेवा. तेव्हा आपली हवा कोरडी असते.

एक सांभाळा. याची मुळे जमिनीखालून पसरतात. चीनमध्ये आणि युरोपात हे तण होऊन बसले आहे. वाफ्याभोवती चर ठेवा. शेजाऱ्याच्या रानात मुनवा गेला, की भांडण आलेच.

पहिल्या वर्षी एकच गुंठा लावा. त्याआधी शहरातल्या दोन-तीन फुलवाल्यांना विचारा, "सुकी जुडी घ्याल का? केवढ्याला?"