पहिल्या फेरीचा डाव

सोनू,

काल तुझ्या आईचा फोन आला. पहिल्या फेरीत हरलीस, ते ठीक. पण डाव लिहिलेला कागद तू हॉलच्या दारातच टराटरा फाडलास म्हणे. का गं? समोरचा रेटिंगमध्ये चारशेनं वरचा होता म्हणून? स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशीच भिडवतात. आणि चारशेचा फरक असला की अकरा डावांत एका गुणाची अपेक्षा धरतात. यात लाज कसली? कागद कशाला फाडायचा?

आजोबा पटावर मांडायचे तो सुलतान खानचा डाव आठव. हेस्टिंग्ज, १९३०-३१. समोर कापाब्लांका, माजी जगज्जेता. सुलतान खान पंजाबातल्या जमीनदाराच्या पदरचा, आपल्या देशी नियमांत वाढलेला. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती शह देत पांढऱ्याच्या घरात घुसले. यानं वजीर देऊन ते दोन्ही मारले, आपले दोन राखले. बंदिस्त पटावर काळा वजीर नुसता फिरत राहिला आणि पासष्टाव्या चालीला डाव संपला. आजोबा मला मुद्दाम काळ्या बाजूला बसवून विचारायचे, “तू घातले असतेस का हत्ती आत?” मी दर वेळी घातले असते!

तुझा डावही तसाच, समोरच्याच्या खुर्चीत बसून बघ. इंजिन नंतर. ते आकडा सांगेल. तू कुठे घाबरलीस ते नाही सांगणार. तुझी खोड मला ठाऊक आहे. मोठा खेळाडू दिसला की मारामारी करून पट रिकामा करतेस, बरोबरीच्या आशेनं. आणि मोजकी मोहरी उरली की तोच भारी पडतो.

माझ्या डावांच्या वह्या लग्नानंतर माहेरच्या आवराआवरीत रद्दीत गेल्या. कॉलेजात एका नावाजलेल्या मुलीला मी बरोबरीत रोखलं होतं. कसं, ते आज मलाच सांगता येत नाही. म्हणून कागद फाडल्याचं ऐकलं आणि पोटात तुटलं.

रागावले खरी, पण जेवणाआधी वाचलंस तर जेवून घे. आईवर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. आणि वेडे, तू फाडलीस ती कार्बनची प्रत असणार. वरची पंचांकडे असते. उद्याच जाऊन माग. लाज वाटत असेल तर मी येते सोबत.

तुझी,
आत्या