पिशवी कुठे कुजणार, ते आधी विचारा

एप्रिल संपता संपता पर्यावरण संस्थांच्या कार्यालयांत नमुन्यांची खोकी यायला लागतात. ५ जूनचा कार्यक्रम ठरलेला असतो, प्रायोजकाचे पैसे आलेले असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचं, हेही गृहीत धरलेलं असतं. खोक्यातून हिरव्या अक्षरांची पिशवी निघते, कागदी पेन निघतं, बियांचा कागद, बांबूचा मग, पत्र्याचा बिल्ला निघतो. 'इको-फ्रेंडली' हा शिक्का सगळ्यांवर असतो. १९७३ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या पर्यावरण दिनाचा विषय २०१८ मध्ये, भारत यजमान असताना, प्लॅस्टिक प्रदूषण हा होता. २०२३ आणि २०२५ मध्येही तोच होता. अशा दिवशी संस्थेने वाटलेली वस्तूच प्लॅस्टिकची निघाली, तर लोक पुढच्या वर्षी त्या संस्थेचं ऐकतील कशाला?

पुण्यातल्या एका नदी-स्वच्छता गटावर ही वेळ आली. मीही या गटाच्या कामात असल्याने सगळा प्रकार जवळून पाहायला मिळाला. शाळांमध्ये वाटण्यासाठी गटाला पिशव्या हव्या होत्या. पुरवठादाराने फिकट हिरव्या, हाताला मऊ लागणाऱ्या पिशव्या दाखवल्या. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेल्या आहेत, सहा महिन्यांत माती होते, असं सांगितलं. प्रमाणपत्र मागितल्यावर व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. तो होता कच्च्या मालाच्या दाण्यांचा, तिसऱ्याच कंपनीच्या नावाचा, आणि त्याची मुदतही उलटून गेलेली. खरं प्रमाणपत्र माल पोचताना देतो, असा शब्द मिळाला. माल आला, पिशव्या शाळांत गेल्या, कागद काही आला नाही.

गटातल्या दोघांनी पावसाळ्याच्या तोंडावर काही पिशव्या सोसायटीच्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात पुरल्या. दिवाळीनंतर खड्डा उकरला तेव्हा पाला काळाभोर, भुसभुशीत होऊन गेला होता. पिशवी मात्र अख्खी वर आली. हिरवा रंग उतरला होता, पण गटाचं नाव आणि मुलांसाठी लिहिलेली घोषणा स्वच्छ वाचता येत होती. दोन्ही हातांनी ताणली तर ती फाटायच्या ऐवजी लांबत गेली. तोवर शाळांतून बाईंचे फोन सुरू झाले होते: ही पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्यात? पुरवठादाराचं उत्तर होतं, खड्ड्यात हवा कमी पडली असेल.

या उत्तरातच या बाजाराची सगळी गोम आहे. एखादी वस्तू कुजते की नाही, हे ती कुठे पडते यावर ठरतं. 'स्टार्चच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूंमध्ये पीएलए नावाचं प्लॅस्टिक असतं. ते मका किंवा उसापासून बनतं हे खरं, पण ते साधारण ५५ ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि त्याचं विघटन वेगाने होण्यासाठी तितकीच उष्णता टिकवणारा मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो. सोसायटीच्या खड्ड्यात, नदीकाठच्या गाळात किंवा गटारात ती उष्णता टिकत नाही. आयएस/आयएसओ १७०८८ हे कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचं मानकसुद्धा अशाच नियंत्रित, गरम कंपोस्टमधल्या चाचणीवर उभं आहे. तिथे १८० दिवसांच्या आत नव्वद टक्के कार्बनचं रूपांतर होणं अपेक्षित असतं. पुरवठादाराच्या तोंडचे 'सहा महिने' बहुधा तिथूनच येतात. चाचणी कशी झाली, ते तो सांगत नाही.

ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्प्सन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक संस्थेच्या खरेदी समितीने वाचावा असा आहे. त्यांनी वेगवेगळ्या दाव्यांच्या पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात सोडल्या आणि उघड्या हवेत टांगल्या. तीन वर्षांनंतर 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी मातीतून आणि समुद्रातून काढली, तरी तिच्यात किराणा भरून उचलता येत होता. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनीही होती. फक्त वजन पेलण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. काही पिशव्यांत रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे त्या उन्हात तुकडे होऊन विखुरतात. अशा 'ऑक्सो' प्रकारच्या प्लॅस्टिकवर युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून बंदीच घातली. तुकडे दिसेनासे झाले म्हणजे प्लॅस्टिक संपलं, असं होत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत, असंही नाही. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापावा लागतो, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या उत्पादकांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असते. फोटोतलं नाव त्या यादीत शोधायला पाच मिनिटं पुरतात. नाव नसेल तर तिथेच बोलणं थांबवावं. आणि नाव असलं, तरी आपल्या गावात ती पिशवी गोळा करून गरम कंपोस्ट प्रकल्पापर्यंत नेणारी साखळी आहे का, हा प्रश्न उरतोच. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'स्वच्छ' सहकारी संस्था घरोघर जाते, कष्टकऱ्यांचे हात सुका कचरा निवडतात. त्या हातांना पीएलए आणि साधं प्लॅस्टिक सारखंच दिसतं. पीएलए 'पेट' (पीईटी) प्लॅस्टिकच्या बाटल्यांत मिसळलं तर पुनर्वापराचा मालही बिघडतो. पर्यावरण संस्थेने वाटलेल्या वस्तूचा भुर्दंड कचरा वेचणाऱ्या बाईने का सोसावा? मला हा या साऱ्या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

पिशवी 'कापडी' आहे असं सांगितलं जातं तेव्हा उदबत्ती जवळ ठेवावी. समारंभात सर्रास मिळणारी, कापडासारखी दिसणारी खरबरीत पिशवी पुष्कळदा 'नॉन-वूव्हन' असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्या तंतूंचा दाबलेला थर. तिच्या काठाला पेटती उदबत्ती टेकवली की ती वितळते, कडेला घट्ट मणी तयार होतात आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. सुती कापड जळतं तेव्हा कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत या नॉन-वूव्हन पिशव्याही बंदीत धरल्या होत्या, आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी नॉन-वूव्हन पिशवी ३० सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. तरीही पर्यावरण परिषदांची फाइल याच पिशवीतून हातात पडते.

मग सुती पिशवी घ्यावी का? घ्यावी, पण हात राखून. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात, सगळे पर्यावरणीय निकष धरले तर साध्या सुती पिशवीचा भार पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीइतका खाली यायला ती ७,१०० वेळा वापरावी लागते, सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा, असे आकडे आले. हे आकडे फार फिरले. फिरताना एक गोष्ट गळाली: ते ओझोन थरावरच्या परिणामामुळे फुगले होते. फक्त हवामान बदलाचा निकष धरला तर ते अनुक्रमे ५२ आणि १४९ वर येतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात सुती पिशवीसाठी १३१ हा आकडा होता. शिवाय नदीत, गुरांच्या पोटात, गटारात जाऊन अडकणं या हिशेबात नीट मोजलं जात नाही, म्हणून मी प्लॅस्टिकच्या बाजूने निकाल देणार नाही. मात्र घराघरांत दाराच्या खुंटीला आधीच पाच-सहा कार्यक्रमांच्या पिशव्या लटकत असताना सातवी देणं म्हणजे कापूस, पाणी आणि पैसा वाया घालवणं आहे.

सुती पिशवी द्यायचीच असेल, तर न धुवलेलं, न रंगवलेलं जाड मांजरपाट घ्यावं, बंद लांब ठेवावेत म्हणजे ती खांद्यावर अडकते आणि खरंच वापरली जाते. छपाई कशाने होणार, हे आधी विचारावं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये वापरली जाणारी 'प्लॅस्टिसॉल' शाई म्हणजे पीव्हीसी. बोट फिरवलं की रबरासारखा जाड थर लागतो. पाण्यावर आधारित शाई कापडात मुरते. शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, सुती मागितला तर मिळतो. याहून चांगला मार्ग जुन्या साड्या-चादरींचा आहे. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका अशा पिशव्या शिवतात, नवा कापूस लागत नाही आणि पैसाही त्यांच्याच हातात पडतो. एकसारखा रंग मिळणार नाही, एवढंच.

बियांच्या कागदाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती कुजून जात नाही, उगवून येते. पुण्याच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे ताटवे फुलतात. लोक फोटो काढतात. मूळची मेक्सिकोकडची ही वनस्पती बागेतून निसटली आणि स्थानिक गवतं, रानफुलं यांची जागा व्यापत चालली आहे. आता हेच बी 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून कागदात दाबून, निसर्ग शिबिराच्या शेवटी मुलांच्या हाती दिलं आणि मुलांनी ते मोठ्या प्रेमाने सड्यावर किंवा पठारावर पुरलं, तर काय होईल? कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, ते तिथल्या पातळ मातीत तग धरणाऱ्या स्थानिक फुलांमुळे. तिथे बाहेरचं एक बीसुद्धा नको. बियांचा कागद घेताना मिश्रण घेऊच नये. एकच बी मागावं, त्याचं नाव कागदावर छापून घ्यावं, आणि ते कुंडीत किंवा परसात राहणारं असावं: तुळस, मेथी, मिरची. कागद दाबताना आणि वाळवताना बी मरतं, जुनं झालं की उगवणं कमी होतं. म्हणून बी केव्हा घातलं, हे विचारून नमुन्याचे चार तुकडे ओल्या कापडात ठेवून पाहावेत. आणि 'कुंडीतच लावा, टेकडीवर नको' ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत त्याच कागदावर असावी.

बांबूचा मग हे आणखी एक फसवं प्रकरण. अख्ख्या बांबूच्या पेराचा असेल तर वेगळी गोष्ट. दुकानात मिळणारा गुळगुळीत, रंगीत मग बहुधा बांबूच्या भुकटीत मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची राळ मिसळून साच्यात घातलेला असतो. जर्मनीच्या बीएफआर या संस्थेने २०२० मध्ये गरम पेयांसाठी असे मग न वापरण्याचा इशारा दिला आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने ते बाजारातून काढायची मोहीम उघडली. बांबूचा ब्रश असला तरी केस नायलॉनचे असतात. कागदी पेनाच्या पोटात रिफिल प्लॅस्टिकची. बिल्ल्याच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी पॉलिस्टरची. ती कार्यक्रम संपल्यावर दाराशी टोपली ठेवून परत घ्यावी, पुढच्या वर्षी चालते.

चांगलं काही मिळत नाही, असं मात्र नाही. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र कोरकू कारागिरांसोबत अख्ख्या बांबूच्या वस्तू बनवतं. त्यांच्या बांबूच्या राख्या अनेकांनी बांधल्या आहेत. बांबूला भुंगा लागतो, त्यामुळे प्रक्रिया केलेलाच माल मागावा. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला कागद सुती चिंध्यांपासून बनतो. अशा कागदाची वही दोऱ्याने शिवून घेतली, वर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन टाळलं, तर ती वही वापरून झाल्यावर खरोखर कुजते. कोकणात पोफळीच्या विऱ्या गरम साच्यात दाबून ताटल्या-वाट्या करतात; त्यात डिंक नाही, राळ नाही. जेवणावळीसाठी त्या उत्तम. पाहुण्यांना द्यायला करवंटीची वाटी किंवा डावही चालतो, फक्त वरचं चकाकणारं पॉलिश कशाचं, ते विचारून घ्यावं.

ऑर्डर देताना तीन गोष्टी पुरवठ्याच्या करारात लिहून घ्याव्यात. माल प्रमाणपत्रासह आला नाही तर पैसे दिले जाणार नाहीत. प्रत्येक नग वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला चालणार नाही. विघटनशील पेनं एकेक करून पॉलिथिनमध्ये गुंडाळून येणं हे फार नेहमीचं आहे. आणि वस्तूवर कार्यक्रमाची तारीख किंवा वर्ष छापायचं नाही, फक्त संस्थेचं नाव, म्हणजे उरलेला माल पुढच्या वर्षी वाटता येतो. आपण स्वतः काय छापतो, तेही तपासावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. जी संस्था इतरांना हे सांगते, तिने ते आधी पाळायला हवं.

शक्य तिथे काहीच वाटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नदीकाठच्या स्वच्छतेला आलेल्या माणसाला पिशवीपेक्षा हातमोजे, पिण्याचं पाणी आणि उन्हात सावली जास्त हवी असते. पण द्यायचंच ठरलं, तर पुढच्या ५ जूनसाठी नमुने या वर्षीच मागवा. मृगाच्या पावसात ते आपल्या आवारातल्या मातीत पुरा, जागेवर खूण करून ठेवा, दिवाळीनंतर उकरून सदस्यांना हातात घेऊन पाहू द्या, आणि मगच ऑर्डरवर सही करा.