न सांगितलेली माहिती : इयत्ता सातवीसाठी एक पाठ

शाळेचे जनरल रजिस्टर आपण कुलुपात ठेवतो. विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, मातृभाषा या नोंदी वाटेल त्यास दाखवाव्यात, असे कोणत्याही मुख्याध्यापकास वाटत नाही. परंतु गेल्या वर्षी एका शाळेस भेट दिली असता, प्रश्नमंजूषेच्या एका मोफत ॲपमध्ये गुरुजी सर्व मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांचे मोबाईल क्रमांक भरीत असलेले मी पाहिले. ही माहिती कोठे जाते, हे त्यांस ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर मलाही त्या दिवशी ते सांगता आले नाही. पुढील पाठ त्या भेटीतून निघाला.

प्रस्तावना : फळ्यावर तीन रकाने आखावेत. ‘मोबाईलला आपण स्वतः काय सांगतो?’ असे विचारावे. नाव, क्रमांक, छायाचित्र अशी उत्तरे येतील. ती पहिल्या रकान्यात लिहावीत.

विषयविवेचन : दुसऱ्या रकान्यात न सांगता टिपली जाणारी माहिती यावी. फोन कोणत्या बनावटीचा आहे, काय शोधले, कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली; आणि परवानगी दिली असल्यास फोन कोठे आहे व संपर्कयादीत कोणाचे क्रमांक आहेत. एकाच्या परवानगीने इतरांचेही क्रमांक जातात, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

तिसरा रकाना अनुमानाचा. रात्री फोन जेथे असतो ते घर. खतांचे भाव वारंवार शोधणारा बहुधा शेतकरी. अशा अनुमानांवरून ज्याला त्याला निवडून जाहिरात दाखविली जाते. पुष्कळ ॲप मोफत मिळतात ती या उत्पन्नामुळेच.

मुलांसंबंधीचे एक उदाहरण द्यावे. बालकांसाठीच्या चित्रफिती पाहणाऱ्यांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून, २०१९ साली अमेरिकेत गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आपल्या देशातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद केली आहे.

उपयोजन : मुलांनी घरी वडीलधाऱ्यांसमवेत फोनमधील एका ॲपला दिलेल्या परवानग्या पाहाव्यात व प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहावा : ‘या कामास ही माहिती लागते काय?’ विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशास हवी, हे मूल आपणहून विचारील. वहीत केवळ परवानग्यांची नावे लिहावीत; कोणाचा क्रमांक लिहून आणण्यास सांगू नये.

त्या शाळेस मी पुन्हा गेलो, तेव्हा गुरुजींनी नवीन प्रश्नमंजूषेत मुलांच्या नावांऐवजी केवळ हजेरी क्रमांक घातले होते. खेळ तितकाच रंगला. पूर्वी भरलेल्या जन्मतारखांची रुखरुख मात्र त्यांच्या मनात होती. उघड झालेला पासवर्ड बदलता येतो. मुलाची जन्मतारीख बदलता येत नाही.