एका हरलेल्या मॅचचं गणित

यंदा आपली फुटबॉल टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच मॅचला पेनल्टीवर हरली. पाचवी पेनल्टी माझी होती आणि ती पोस्टला लागली, याची आठवण मेसमध्ये कोणी ना कोणी रोज करून देतंच. बाद पद्धत, त्यामुळे एक मॅच म्हणजेच आमचा अख्खा सीझन. त्या आठवड्यात सबमिशन बाजूला ठेवून मी एकच गोष्ट वाचत बसलो होतो : एक मॅच हरल्यावर टीमकडे नक्की काय उरतं? त्यातून एक मस्त केस हाती लागली. तीही आपल्या फुटबॉलची नाही, अमेरिकन कॉलेज फुटबॉलची.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू लांबट. तो हातात घेऊन पळायचं किंवा आपल्या माणसाकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. शेवटच्या पट्ट्यात पोहोचलात तर टचडाउन, ६ गुण. लाथ मारून खांबांमधून घातलात तर फील्ड गोल, ३ गुण. बाकीचे नियम समजायला एक सेमिस्टर जाईल, ते राहू देत. महत्त्वाचं हे की वरच्या गटात १३० हून जास्त कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला सीझनला साधारण १२ मॅचेस. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून शेवटी एक समिती बसते, क्रमवारी लावते आणि बाद फेरीत कोण जाणार ते ठरवते.

आता आपली केस. इंडियाना राज्यातलं नोटर डेम हे विद्यापीठ. ७ सप्टेंबर २०२४ ला क्रमवारीत ते पाचवे होते आणि घरच्या मैदानावर मॅच होती नॉर्दर्न इलिनॉय या लहान टीमशी. अशा टीमला मोठी कॉलेजं चक्क पैसे देऊन बोलावतात. या मॅचसाठी १४ लाख डॉलर ठरले होते. अपेक्षा अशी की पाहुण्यांनी यावं, मार खावा आणि चेक घेऊन जावं.

झालं उलटंच. नोटर डेम १४-१३ ने पुढे, चेंडू हातात, सहा-एक मिनिटं बाकी. क्वार्टरबॅक रायली लेनर्डने लांब पास टाकला आणि तो समोरच्यांनी मधेच झेलला. मग ते हळूहळू पुढे सरकत आले आणि ३१ सेकंद उरले असताना ३५ यार्डांवरून फील्ड गोल मारला. १६-१४. नोटर डेमने शेवटी ६२ यार्डांवरून प्रयत्न केला, तोही अडवला गेला. २८ गुणांनी जिंकतील असा अंदाज असलेली टीम दोन गुणांनी हरली आणि पाचव्या नंबरवरून थेट अठराव्यावर आपटली.

पुढचा हिशेब साधा होता, पण भयंकर. दहा मॅचेस बाकी आणि दहाही जिंकायच्या. एम-थ्रीला प्रोबॅबिलिटी केलेल्यांनी कागद घ्या. प्रत्येक मॅच जिंकण्याची शक्यता ९०% धरली तरी दहाच्या दहा जिंकण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ३५%. ८०% धरली तर ११% सुद्धा नाही. (मॅचेस एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे इथे गृहीत धरलंय. सर व्हायव्हात विचारतीलच.)

त्यांनी दहाही मारल्या. पुढच्याच आठवड्यात पर्ड्यूला ६६-७. पास टाकून फसलेल्या लेनर्डने त्या दिवशी स्वतः पळत तीन टचडाउन केले. मला हे फार आवडलं. हरल्यावर त्याला नवीन काही शिकवत बसले नाहीत, त्याला जे चांगलं येतं तेच जास्त करायला दिलं. शेवटी ११-१, बाद फेरीत सातवं मानांकन, मग इंडियाना, जॉर्जिया आणि पेन स्टेट असे तिघे गारद. २० जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यात मात्र ओहायो स्टेटकडून ३४-२३ ने हरले. ज्यांनी त्यांना सप्टेंबरात हरवलं ती नॉर्दर्न इलिनॉय टीम त्यानंतरची मॅच घरच्याच मैदानावर बफेलोशी हरली, हेही जाता जाता सांगतो.

इथपर्यंत वाचून वाटेल, जिद्द असली की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. मग २०२१ सापडलं. तेव्हाही नोटर डेम ११-१ च. हरले होते ते सिनसिनाटीशी, आणि सिनसिनाटी तर पुढे साखळीत एकही मॅच न हरता बाद फेरीत गेली. म्हणजे २०२४ पेक्षा कितीतरी चांगली हार! पण त्या वर्षी बाद फेरीत जागा फक्त चार आणि नोटर डेमचा नंबर पाचवा. बाहेर. १९९८ ते २०१३ पर्यंत तर दोनच टीम अंतिम सामन्यासाठी निवडायचे. २०२४ पासून बारा झाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी ऑल क्लिअर नसेल तर वायडी, मग थोडी सवलत, आणि २०२४ ला चक्क एटीकेटी.

आणि एटीकेटीलाही मर्यादा असतेच. २०२५ मध्ये नोटर डेम पहिल्या दोन्ही मॅचेस हरली : मायामीशी २४-२७, टेक्सस ए अँड एमशी ४०-४१. दोन्ही टीम तगड्या, दोन्ही मिळून फरक चार गुणांचा. नंतरच्या दहाही जिंकल्या. पण बारापैकी पाच जागा लीग विजेत्यांसाठी राखीव, आणि त्यातले दोन विजेते क्रमवारीत बरेच खाली होते, त्यामुळे अकरावा नंबर बाहेर पडला. दहावा होता मायामी, रेकॉर्ड तोच १०-२. दोघांना शेजारी ठेवल्यावर समितीने ऑगस्टमधली ती तीन गुणांची मॅच बघितली. मायामी पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेली. नोटर डेमने चिडून दुसरा कुठला बोल सामनासुद्धा खेळायला नकार दिला.

तर मंडळी, पोस्टला लागलेली माझी पेनल्टी किती महाग पडली, हे माझ्या पायाइतकंच स्पर्धेच्या तक्त्यावरही अवलंबून होतं. (ही पळवाट नाही, पाय चुकला हे कबूल.) समजा १६ टीम आहेत. बाद पद्धतीत १५ मॅचेसमध्ये स्पर्धा संपते आणि आठ टीम एकेक मॅच खेळून घरी जातात. चार-चारचे गट केले तर गटांच्या २४ आणि पुढच्या ७, एकूण ३१ मॅचेस. प्रत्येकाला किमान तीन मिळतात, आणि पहिली हरलेल्याला उरलेल्या दोन मॅचेसचं गणित मांडत बसता येतं. मैदान दुप्पट दिवस लागेल, रेफरींचा खर्चही वाढेल. हा कागद मी जिमखान्याच्या सरांकडे दिलाय. ते म्हणाले, आधी सबमिशन पूर्ण कर, मग बघू.