जुना सर्व्हर इतक्यात बंद करू नका

कंपनीची फोनव्यवस्था नव्या सर्व्हरवर न्यायची म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुनी मशिनं रॅकमधून कधी निघणार? वीज, एएमसी, रॅकमधली जागा, सगळ्यांचा डोळा त्यावरच. माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. शेवटचा फोन नव्या क्लस्टरवर नांदायला लागेपर्यंत नाही.

हे उत्तर पक्कं झालं चाकणजवळच्या एका कारखान्यात. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, मुंबईत शाखा, सिस्कोचं कॉलमॅनेजर. दुसऱ्या एका कंत्राटदाराने शुक्रवारी रात्री नव्या क्लस्टरवर कटओव्हर केला आणि त्याच रात्री जुने सर्व्हर बंद करून टाकले. शनिवारी सकाळी आम्हाला बोलावणं आलं. टेबलोटेबली फोनचे पडदे ‘रजिस्टरिंग’वर अडकलेले, गेटवर ट्रकची रांग. कंत्राटदाराचा तरुण इंजिनिअर रडवेला झाला होता. “सर, टेस्टिंग सगळं पास झालं होतं हो.” तो खोटं बोलत नव्हता. खोक्यातून काढलेले दोन कोरे फोन नव्या क्लस्टरवर कित्येक दिवस उत्तम चालले होते. गोम तिथेच होती.

कॉलमॅनेजरच्या ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, प्रत्येक फोन आपल्या पोटात विश्वासाची एक यादी बाळगतो. तिला आयटीएल म्हणतात. कोऱ्या फोनला ज्या क्लस्टरची पहिल्यांदा गाठ पडते, त्याची यादी तो निमूट घेतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक फाइलवरची सही तो या यादीशी ताडून बघतो. जुन्या मालकाचीच सही ओळखणारा मुनीम नव्या मालकाची चिठ्ठी जशी परत धाडेल, तसं टेबलावरचे वापरातले फोन नव्या क्लस्टरचं कॉन्फिगरेशन परत धाडत होते. शंका आली तर विचारायला टीव्हीएस नावाची सेवा असते, पण फोनला ठाऊक असलेली टीव्हीएस जुन्या सर्व्हरवरची, आणि ते तर बंद. मग फोन स्मरणातल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर जातो आणि बंद सर्व्हरला हाका मारत बसतो. स्टेटस मेसेजेसमध्ये ‘ट्रस्ट लिस्ट अपडेट फेल्ड’ अशी एक ओळ असते. ती उघडून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हाताने सोडवायचं तर प्रत्येक फोनपाशी जायला हवं. जुन्या ७९०० मालिकेतल्या फोनवर सेटिंग्ज, सिक्युरिटी, ट्रस्ट लिस्ट, आयटीएल असं आत शिरायचं, दोनदा स्टार आणि एकदा हॅश दाबून कुलूप उघडायचं, मग इरेज. कुठे मेनूच बंद केलेला असेल तर फोनची वायर काढायची, हॅश दाबून धरून परत लावायची आणि बटणं लुकलुकू लागली की १२३४५६७८९*०# टिपायचं. अकाउंट्समध्ये एक पोरगं टेबलाखाली पालथं पडून नेटवर्कची वायर काढतंय, दुसरं वर बोट हॅशवर ठेवून ओरडतंय, “लाव, लाव!”, आणि साहेब पाय वर घेऊन खुर्चीत बसलेले. असे शेकडो फोन.

सुदैवाने जुन्या सर्व्हरच्या डिस्क पुसलेल्या नव्हत्या. ते पुन्हा चालू केले आणि फोन आपसूक घरी परतले. पुढचं काम रीतीने झालं.

रीत दोन तऱ्हेची आहे. एकीत जुन्या क्लस्टरवर ‘प्रिपेअर क्लस्टर फॉर रोलबॅक’ हे पॅरामीटर चालू करायचं, आधी टीव्हीएस आणि मग फोनना फाइली देणारी टीएफटीपी, या सेवा रीस्टार्ट करायच्या, सगळे फोन रीसेट करायचे. फोनना रिकामी यादी मिळते आणि ते कुणावरही विश्वास ठेवायला मोकळे होतात. झटपट होतं, पण त्या काळात एचटीटीपीएसवर चालणारी कॉर्पोरेट डिरेक्टरी आणि एक्स्टेन्शन मोबिलिटी रुसते. दुसरीत दोन्ही क्लस्टरची प्रमाणपत्रं एका एसएफटीपी सर्व्हरवर काढायची, एकत्र करायची आणि दोन्हीकडे परत चढवायची, म्हणजे दोघं एकमेकांना ओळखू लागतात. मला ही दुसरी पसंत आहे. फोन थोडे थोडे करून हलवता येतात आणि वेळ आलीच तर परतही आणता येतात. पण दोन्ही रीतींना जुना क्लस्टर जिवंत लागतो. चाचणीसाठी फोन घ्यायचा तोही कुणाच्या तरी टेबलावरचा, वर्षानुवर्षं वापरलेला. कोरा फोन काहीच सिद्ध करत नाही.

नवा टीएफटीपी पत्ता फोनना डीएचसीपीच्या ऑप्शन १५०मधून कळतो, असं प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. सगळ्यांना कळत नाही. कधी तरी कुणी हाताने ‘ऑल्टरनेट टीएफटीपी’ चालू करून ठेवलेले फोन डीएचसीपीचं ऐकतच नाहीत. असे फोन एक्सेलमध्ये वेगळे दिसत नाहीत. कारखान्यात ते सापडले ऑपरेटर मॅडमच्या वहीत. “वजनकाट्यावरचा फोन ना? तो पहिल्यापासूनच हट्टी आहे. गेल्या खेपेला पण त्याला वेगळं बघावं लागलं होतं.” वहीत बॉयलर, लिफ्ट, फॅक्स, रात्रपाळीच्या सुपरवायझरचं कपाट, सगळं होतं. कोणत्याही स्थलांतराआधी ऑपरेटरजवळ निवांत बसावं, चहा सांगावा आणि वही उघडायची विनंती करावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फोन टप्प्याटप्प्याने हलवताना दोन क्लस्टरमध्ये एसआयपी ट्रंक टाकावा लागतो, कारण बाहेरची लाइन, म्हणजे पीआरआय, तोवर जुन्याच गेटवेवर असते. इथे एक सापळा आहे. जुन्याकडे नसलेला नंबर नव्याकडे पाठवायचा, नव्याकडे नसलेला जुन्याकडे, असं दोन्ही बाजूंनी लिहिलं की कुठेच नसलेला नंबर दोघांमध्ये घिरट्या घालतो. एसआयपीत अशा उड्यांना मर्यादा असते, सुरुवातीचा आकडा बहुधा ७०. पण तेवढ्यात एक चुकीचा कॉल सगळा ट्रंक अडवू शकतो. ट्रंकवरून आत आलेल्या कॉलला त्याच ट्रंकने बाहेर जायची वाट दिसणार नाही अशा बेताने त्याची सीएसएस, म्हणजे कॉलला दिसणाऱ्या वाटांची यादी, बांधा.

आणीबाणीच्या ११२चं मात्र आधी बघा. अंतर्गत नंबरांत ११२०, ११२५ असलं काही असेल तर ११२ दाबल्यावर सर्व्हर आणखी एका आकड्याची वाट बघत थांबतो. टी३०२ टायमर मुळात १५ सेकंदांचा असतो. कामगाराचा हात मशिनमध्ये अडकलेला असताना १५ सेकंद म्हणजे काय, ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको. अर्जंट प्रायॉरिटी लावली तर ११२ लगेच जातो, पण ११२५ कायमचा गेला. नव्या क्लस्टरवर ती मालिकाच मोकळी ठेवणं बरं. बाहेरच्या लाइनसाठी आधी ० दाबायची सवय असलेला माणूस घाबरून ०११२ लावेल, तोही लागला पाहिजे.

आणि एक बिघाड असा, ज्याची तक्रार कुणीच करत नाही. चाकणच्या टेबलावरून मुंबईच्या शाखेशी कंपनीच्या डेटा लाइनवर बोलायला हरकत नाही. तोच कॉल मुंबईच्या पीआरआयवरून बाहेर काढून एसटीडीचे पैसे वाचवणं म्हणजे टोल बायपास, आणि ते दूरसंचार नियमांत बसत नाही. ते रोखायला कॉलमॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग आहे, पण नव्या क्लस्टरवर ते मुळात बंद असतं. चालू केलं तरी ज्या फोनला किंवा गेटवेला जिओलोकेशन दिलेलं नाही, त्याला ते लागू होत नाही. सगळे कॉल लागतात, सगळे खूश असतात, आणि कंपनी रोज नियम मोडत असते. कॉन्फरन्स आणि ट्रान्स्फर करून बघा; जो कॉल लागायला नको तो लागत नाही ना, याचीही चाचणी यादीत हवी.

लायसनचं थोडक्यात: १२पासूनच्या आवृत्त्यांत स्मार्ट लायसनिंगची नोंदणी होईपर्यंत ९० दिवसांची मुदत मिळते. ती उलटली की नवे फोन आणि युजर जोडता येत नाहीत. खरेदी विभागाला ही तारीख लेखी द्या.

जुन्या क्लस्टरचा बॅकअप घेताना त्याचा सिक्युरिटी पासवर्ड माहीत आहे का तेही विचारा, कारण रिस्टोअरला तो लागतो आणि तो ठरवणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. पासवर्ड कन्सोलवरून बदलता येतो, पण मशीन चालू असेल तरच. सगळे फोन हलल्यावर जुने सर्व्हर बंद करा, पुसू नका. निदान एक महिनाअखेर जाऊ द्या, कारण स्टॉक मोजायच्या खोलीतला फोन महिन्यातून एकदाच उचलला जातो. बंद करण्याआधी कॉल डिटेल रेकॉर्ड उतरवून घ्या. ऑडिटवाले ती मागतात, आणि नेमकी मागच्या वर्षाची मागतात.