व्रणयुक्त बृहदांत्रदाह : निदान आणि संकेतांकन

रुग्णाच्या खाटेपाशी झालेले निदान प्रमाणित संकेतांकाच्या रूपाने नोंदले गेले, तरच ते आरोग्य नियोजनास उपयुक्त ठरते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजेच व्रणयुक्त बृहदांत्रदाह, या विकाराच्या आधारे ही प्रक्रिया समजून घेणे उद्बोधक ठरेल.

निदान : या विकारात मोठ्या आतड्याच्या अंतःस्तराला दीर्घकाळ सूज येऊन व्रण पडतात. हा दाह सामान्यतः गुदाशयापासून सुरू होऊन वरच्या दिशेने सलग पसरतो. रक्तमिश्रित जुलाब हे त्याचे प्रमुख लक्षण होय. परंतु अमीबाजन्य आव व जिवाणूंचा संसर्ग यांतही हेच लक्षण आढळते. म्हणून प्रथम मलतपासणी आणि त्यानंतर कोलोनोस्कोपी व ऊतिपरीक्षा आवश्यक असते. अमीबाचा संसर्ग न ओळखता स्टेरॉइड दिल्यास रुग्णाच्या प्राणांवर बेतू शकते. भारतासारख्या देशात हा भेद म्हणूनच महत्त्वाचा आहे.

संकेतांकन : जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. तीत या विकारास ‘के५१’ हा संकेतांक आहे. दशांश चिन्हापुढील अंक प्रामुख्याने विकाराची व्याप्ती दर्शवितो : ० म्हणजे संपूर्ण बृहदांत्र, २ म्हणजे गुदाशय, ५ म्हणजे डावी बाजू, तर ९ म्हणजे अनिर्दिष्ट. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत या विकाराचा संकेतांक ‘डीडी७१’ असा आहे.

उदाहरण : एका रुग्णास दिवसातून आठ वेळा रक्तमिश्रित जुलाब होतात. कोलोनोस्कोपीत संपूर्ण बृहदांत्र बाधित आढळते. दीर्घकालीन रक्तस्रावामुळे लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. येथे दहाव्या आवृत्तीनुसार मुख्य संकेतांक ‘के५१.०’ आणि रक्तक्षयासाठी अतिरिक्त संकेतांक ‘डी५०.०’ द्यावा लागेल. जुलाब हे मूळ विकाराचेच लक्षण असल्याने त्यास वेगळा संकेतांक दिला जात नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सुधारित रूपात मात्र गुंतागुंत त्याच संकेतांकात समाविष्ट होते. तेथे गुदाशयातील रक्तस्रावासह हाच विकार ‘के५१.०११’ असा नोंदविला जातो.

विद्यार्थ्यांनी येथे एक तत्त्व ध्यानात घ्यावे. संकेतांक देणाऱ्याने गुंतागुंतीचा स्वतः तर्क करावयाचा नसतो. डॉक्टरांच्या नोंदीत तिचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. नोंद अपुरी असल्यास त्यांच्याकडूनच खुलासा घेणे योग्य होय.

महत्त्व : केवळ ‘के५१.९’ असे नोंदल्यास रुग्ण मोजला जातो, परंतु त्याच्या आजाराची व्याप्ती कळत नाही. रक्तक्षयाची नोंद राहून गेल्यास त्याला किती रक्त व औषधे लागली, किती दिवस रुग्णालयात राहावे लागले, याचा अर्थ आकडेवारीतून उलगडत नाही. औषधसाठा, तज्ज्ञांची पदे व विम्याची तरतूद अशाच आकडेवारीवर आधारलेली असते. सारांश, अचूक निदान रुग्णाचे प्राण वाचविते, तर अचूक संकेतांक पुढील रुग्णांसाठी व्यवस्था सज्ज ठेवतो.